भरतीची जाहिरात 2005 ची, नेमणूक 2006 ची. पोलीस शिपायाला जुनी पेन्शन लागू होते का?

तुमचा भाऊ 2006 च्या जूनमध्ये शिपाई म्हणून हजर झाला, जाहिरात मात्र 2005 च्या उन्हाळ्यातली. बॅचच्या दोघांना जुनी पेन्शन लागली, त्याची एनपीएसची (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची) कपात अजून चालूच आहे. असं का, हा तुमचा प्रश्न. मी धुळ्यात पोलीस आस्थापनेवर कारकुनी करून निवृत्त झालो, म्हणून लिहितो.

पोलिसांच्या पेन्शनला वेगळा कायदा नाही. शिपाई असो की तहसील कार्यालयातला कारकून, दोघांनाही 1982 चे निवृत्तिवेतन नियमच लागतात. मात्र 1 नोव्हेंबर 2005 पासून जो सेवेत आला तो अंशदान योजनेत, म्हणजे पुढे एनपीएसमध्ये गेला. मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या 10 टक्के त्याचे, 14 टक्के सरकारचे. भाऊ हजर झाला त्या तारखेमुळे तिकडे गेला.

2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने वाट उघडली. पद 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी जाहीर झालेलं असेल, तर नेमणूक नंतरची असली तरी जुनी पेन्शन. पण ती आपोआप नाही. सहा महिन्यांच्या आत विकल्प लिहून द्यायचा होता. न देणारा एनपीएसमध्येच राहिला. त्या दोघांनी दिला असणार, भावाने बहुतेक नाही. बंदोबस्त, रात्रपाळी, त्यात साहेबांच्या टेबलावरचं परिपत्रक कोण वाचतो!

म्हणून आधी एवढंच बघा: विकल्प खरंच दिला नव्हता, की दिला आणि कुठे अडकला? माझ्याकडे शिरपूरकडचा एक शिपाई आला होता. विकल्पाची पोच आहे का विचारलं तर म्हणाला, "कागद घरमाच शे, भाऊ." दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या पेटीतून घडी पडून पिवळं झालेलं जाहिरातीचं कात्रण, नेमणूक आदेश आणि आवक शिक्क्याची पोच घेऊन आला. आवक क्रमांक होता, सेवापुस्तकात नोंद नव्हती. ती चूक माझ्याच टेबलाची, आम्ही कागद दुसऱ्याच फाईलला लावला होता. पोच नसती तर मी हात वर केले असते.

भावाकडे पोच असेल तर आस्थापना शाखेकडे लेखी अर्ज द्या. सोबत जाहिरात, निवड यादी, नेमणूक आदेश यांच्या प्रती जोडा, आणि या अर्जाचीही पोच घ्या. मान्य झालं की एनपीएस खातं बंद होऊन त्याने भरलेली रक्कम भविष्य निर्वाह निधीत वळते. सरकारचा वाटा सरकारकडे परत जातो, त्यावर हक्क सांगू नका.

पोच नसेल तर खोटी आशा दाखवणार नाही. मुदत संपली आहे, आणि मागच्या तारखेचा विकल्प करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका.