शंका-समाधान : नदीवरचा दुसरा पूल

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी नदीवर एकच जुना, अरुंद पूल असून बाजाराच्या दिवशी तो ओलांडायला पाऊण तास लागतो. शेजारी नवा पूल मंजूर झाल्याला दोन वर्षे झाली, तरी नदीत एक खांबही उभा राहिलेला नाही. जुनाच पूल रुंद का करत नाहीत? आणि नवा पूल झाल्यावर कोंडी खरोखर सुटेल काय?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : जुना पूल रुंद करायचा म्हणजे वरचा रस्ता वाढवायचा एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते, पण वाढीव वजन शेवटी त्याच पायावर उतरते, आणि तो पाया त्या काळच्या वाहनांचा हिशेब धरून घातलेला असतो. गोव्यात जुवारी नदीवरचा 1983 साली खुला झालेला पूल पुढे इतका नाजूक झाला की त्यावरून अवजड वाहनांना मनाई करावी लागली. तिथे रुंदीकरणाच्या वाटेला न जाता शेजारीच आठ पदरी नवा पूल बांधला गेला. त्याचे चार पदर डिसेंबर 2022 मध्ये आणि उरलेले चार डिसेंबर 2023 मध्ये खुले झाले. मांडवीचा अनुभव तर याहून कटू आहे. पणजीचा 1970 सालचा पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला आणि लोकांना पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहावे लागले. जुन्या पुलावर भार वाढवण्याचा सल्ला अभियंते सहसा देत नाहीत, तो उगाच नव्हे.

आता खांब न दिसण्याविषयी. आधी सलग सात दिवस, चोवीस तास वाहनांची मोजणी होते. कोणते वाहन कुठून निघून कुठे चालले आहे, याचीही चौकशी होते, कारण गावातच येणारी वाहने आणि गाव ओलांडून पुढे जाणारी वाहने यांच्यासाठी पुलाची जागा एकच असेल असे नाही. त्यानंतर नदीत बोअर घेतले जातात. या कामाकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही, पण माझ्या मते पुलाचे भवितव्य इथेच ठरते. तराफ्यावर यंत्र उभे करून खडकातून दोन इंच व्यासाच्या आसपासचा गाभा काढतात आणि खोलीच्या क्रमाने लाकडी पेटीच्या कप्प्यांत मांडतात. मग टेप लावून फक्त दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज केली जाते. दीड मीटरच्या ड्रिलिंगमधून अशा तुकड्यांची बेरीज जेमतेम तीस-चाळीस सेंटिमीटर भरली, तर तो खडक नावाचाच खडक समजावा आणि पाया आणखी खाली न्यावा. मी उमेदवारीच्या काळात ही बेरीज करताना आठ सेंटिमीटरचा तुकडाही धरला होता आणि वरिष्ठांनी सगळी पेटी मला पुन्हा मोजायला लावली होती.

याखेरीज पूररेषा, भूसंपादन आणि परवानग्या असतातच. कोल्हापूरला पंचगंगेवरचा पर्यायी शिवाजी पूल बराचसा बांधून झालेला असतानाही, ब्रह्मपुरी टेकडी हे संरक्षित स्थळ जवळ असल्याने पुरातत्त्वविषयक कायद्यात अडकून पडला होता. शिवाय पावसाळ्याचे चार महिने नदीपात्रात पायाचे काम करता येत नाही, त्यामुळे कागदावरचे एक वर्ष प्रत्यक्षात आठ महिन्यांचेच असते.

कोंडी सुटेल काय, या आपल्या प्रश्नाचे उत्तर नदीवर नाही, दोन्ही काठांवर आहे. पणजीचा जानेवारी 2019 मध्ये उद्घाटन झालेला अटल सेतू सुमारे 5.1 किलोमीटर लांब आहे, पण त्यातला प्रत्यक्ष मांडवीवरचा भाग एक किलोमीटरही भरत नाही. उरलेली लांबी पणजीच्या चौकांत न उतरता वाहने पुढे नेण्यासाठी खर्ची पडली आहे. त्याने शहरातून आरपार जाणाऱ्यांची सोय झाली, तरी पलीकडे पर्वरीत महामार्गावर वाहने खोळंबतच राहिली आणि आता तिथे उन्नत मार्गाचे काम हाती घ्यावे लागले आहे. आपल्या गावचा नवा पूल जर जुन्याच तिठ्यावर, एसटी स्थानकाच्या तोंडाशी उतरणार असेल, तर पुलावरची रांग तिठ्यावर येईल, इतकेच. तेव्हा खांब कधी उभे राहणार हे विचारण्यापूर्वी पोचमार्गाचा, म्हणजे पुलाला दोन्ही काठांवर जोडणाऱ्या रस्त्याचा, नकाशा मागून पाहावा, आणि त्यासाठीच्या जमिनीची मोजणी झाली आहे काय हेही विचारावे.

प्रश्न : नव्या पुलाच्या आखणीत आमच्या दुकानासमोरचा रस्ता दोन पुरुष उंच भरावावर दाखवला आहे. पूल इतका उंच ठेवणे आवश्यक असते काय?
— एक व्यापारी वाचक

उत्तर : होय, बहुधा असते. तुळईचा, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या आडव्या भागाचा, तळ महत्तम पूरपातळीच्या वर, ओंडके आणि झाडेझुडपे वाहून जातील एवढे अंतर राखून ठेवावा लागतो. बार्ज (मालवाहू बोटी) चालणाऱ्या नद्यांवर तर त्याहूनही उंच. रस्त्याला तीस मीटरमागे एक मीटर चढ धरला, तर नऊ मीटर उंची गाठायला 270 मीटर पोचमार्ग लागतो आणि तो आपल्या दुकानापर्यंत पोहोचतो. मात्र मातीच्या भरावाऐवजी शेवटच्या टप्प्यात रस्ता खांबांवरून नेला, तर खालून ये-जा चालू राहते. भरावाच्या दोन्ही अंगांना सेवा रस्ता ठेवण्याचीही मागणी करता येते. यातले काहीही हवे असल्यास आपली लेखी हरकत निविदा निघण्यापूर्वीच संबंधित कार्यालयात पोहोचली पाहिजे, कारण पुढे आराखडा बदलला की खर्चाची मंजुरीही नव्याने घ्यावी लागते.