भाच्याने काढलेला एआय अहवाल कोर्टात चालेल का?

प्रश्न: मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. गाडी अडवल्यावरून वाद झाला आणि हवालदाराला धक्का दिल्याचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम १३२) माझ्यावर घातला. त्यांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातली क्लिप व्हॉट्सॲपवर फिरली. भाच्याने ती एआयला दाखवली. ‘धक्का दिलेला नाही, पोलिसाचा सूर आक्रमक’ असा अहवाल आला. कोर्टात देऊ का?

उत्तर: नको. फिरलेली क्लिप कुणी कापली, कुणी पुढे ढकलली, कुणालाच ठाऊक नाही. त्यावरचा अहवाल सरकारी वकील सहज उडवतील, आणि सॉफ्टवेअरला पिंजऱ्यात उभं करून साक्ष काढता येत नाही. शिवाय छातीवरच्या कॅमेऱ्याला समोरचंच दिसतं. माणसं अंगाला भिडली की हात चौकटीबाहेर जातात. एआयने ‘धक्का नाही’ म्हटलं, त्याचा अर्थ ‘दिसला नाही’ एवढाच. त्यात आपल्याकडचं भांडण अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, मागे ट्रकांचे हॉर्न! अमेरिकेत पोलीस असली सॉफ्टवेअर वापरतात, तरी सिॲटलच्या किंग काउंटीतल्या सरकारी वकिलांनी २०२४ मध्ये एआयने लिहिलेले पोलीस अहवाल घ्यायला नकार दिला.

तुम्हाला हवं ते मूळ फुटेज, आणि ते पुसलं जाण्याआधी. पोलीस ठाणं आणि पोलीस अधीक्षक, दोघांना तारीख, वेळ, ठिकाण लिहून ‘फुटेज जपून ठेवा’ असा अर्ज आजच द्या, पोच घ्या. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे मराठीतला अर्ज चालतो. तरी कन्नड प्रत जोडाच. सीमाप्रश्न या अर्जावर सुटणार नाही.

मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ९४ खाली, म्हणजे कागद-वस्तू हजर करायला लावणाऱ्या कलमाखाली, कोर्टात अर्ज. कोर्टाने दोषारोप ठेवण्याआधी आरोपीला या कलमाखाली कागद सहसा मिळत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाचा देवेंद्रनाथ पाढी निकाल (२००४) आडवा येतो. म्हणून तूर्त मागणी जतनापुरतीच ठेवा. पोलिसांनी आरोपपत्रात फुटेजचा आधार घेतला, तर प्रत मिळणं तुमचा हक्क आहे, त्याच न्यायालयाचा पी. गोपालकृष्णन निकाल (२०१९) पाहा. प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र आणि हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा, आहे का, ते तपासून घ्या.

भाच्याचा कागद वकिलांना द्या. कुठला सेकंद पाहायचा, हे त्यातून कळेल आणि उलटतपासणीला उपयोगी पडेल. क्लिप ज्या फोनवर आली, तो मात्र विकू नका, साफ करू नका.

आणि क्लिप सुरू होण्याआधी काय घडलं, ते वकिलांना खरंखरं सांगा. मूळ फुटेज आलं की तेही कोर्टाला दिसणार आहे.