एकाच ओळीत धसका आणि समाधान?

प्रश्न: आमच्या औसा तालुक्यातल्या वाचन मंडळात एका कथेच्या दोन ओळींवरून जोरात वाद झाला. ‘आभाळ भरून आलं. तो धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसून राहिला.’ शेती करणाऱ्यांना त्यात धसका दिसला, शहरात वाढलेल्यांना समाधान. ज्याला जे वाटेल तो त्याचा अर्थ, असंच म्हणायचं का?

उत्तर: तसं म्हणून विषय सोडू नका. या ओळींत महिना नाही. तो वाचकानं भरला. कापलेल्या सोयाबीनची गंज, म्हणजे ढीग, उघड्यावर असताना ज्यानं ताडपत्रीसाठी धावाधाव केलीय, त्याच्यासमोर ऑक्टोबर उभा राहतो, भिजून डागी झालेला माल दिसतो. दुसऱ्याला जून दिसतो. अडचण अशी, की आपण काही भरलं हे दोघांनाही जाणवत नाही. महिना ओळीतच होता, असं प्रत्येकाला वाटतं.

म्हणून वाचनाआधी प्रस्तावना करू नका. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली कपडे धुण्याचं मुद्दाम मोघम वर्णन लोकांना ऐकवलं. विषय आधी कळलेल्यांना ते समजलं आणि जास्त आठवलं. नंतर कळून फारसा उपयोग झाला नाही. म्हणजे आधी सांगितलेला एक शब्दसुद्धा वाचन एका अंगाला वळवू शकतो.

शीर्षक आणि लेखकाचं नाव झाकून उतारा वाटा. एकदा वाचून पाच मिनिटं प्रत्येकानं न बोलता लिहावं: महिना कोणता, वेळ कोणती, माणसाचं वय काय, आणि हे कोणत्या शब्दावरून. इथंच बहुतेक मंडळं घसरतात. कुणीतरी मोठ्यानं बोलतं, आणि मग बाकीच्यांना तेच दिसू लागतं. लिहून होईपर्यंत चर्चा नकोच.

मग भूमिका बदलून पुन्हा वाचा: आधी शेतमालक म्हणून, नंतर सालगडी म्हणून. अँडरसन आणि पिचर्ट यांच्या १९७८ च्या प्रयोगात घराचं वर्णन चोराच्या नजरेनं वाचलेल्यांना घर घेणाऱ्याची भूमिका दिली, काहींना उलट. पुन्हा न वाचताही आधी न आठवलेले तपशील त्यांना आठवले.

शेवटी पुढचा मजकूर तपासा. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी आली, तर ऑक्टोबरवाल्यांनी माघार घ्यावी. काहीच आलं नाही, तर लेखकानं महिना मोकळा का सोडला असेल, यावर बोला.