३२ ट्रॅकच्या लाइव्ह कार्यक्रमासाठी दोन मेमरी कार्डांचा रेकॉर्डर घेतला तर रेकॉर्डिंग वाया जाण्याची भीती उरत नाही ना?

लॅपटॉपऐवजी स्वतंत्र रेकॉर्डर घेताय ते उत्तमच. पण भीती उरतेच, फक्त कमी होते.

आधी मॅन्युअलमध्ये एक गोष्ट बघा: दोन्ही कार्डांवर एकाच वेळी तेच रेकॉर्ड होतं, की पहिलं भरल्यावर दुसरं सुरू होतं? काही मशीन दुसऱ्या प्रकारची असतात आणि त्यात दुसरी प्रत मुळी तयारच होत नाही.

दोन प्रती होत असल्या तरी त्या कार्ड खराब होण्यापुरत्याच उपयोगी. वीज गेली की दोन्ही कार्डांवरच्या फाइली एकाच क्षणी अर्धवट राहतात. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते. वेव्ह फाइलच्या (रेकॉर्डर आवाज ज्यात साठवतो त्या फाइलच्या) सुरुवातीला तिची लांबी लिहिलेली असते आणि ती बरेचदा स्टॉप दाबल्यावरच नीट भरली जाते. त्याआधी वीज गेली तर सॉफ्टवेअरला फाइल रिकामी दिसते. आवाज मात्र बहुतेक कार्डावर असतो. अशा वेळी त्या कार्डावर काहीही लिहू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. कार्डाची जशीच्या तशी प्रत काढून त्या प्रतीवरच दुरुस्ती करा. चांगले रेकॉर्डर ही लांबी अधूनमधून लिहीत राहतात, म्हणून घेण्याआधी रेकॉर्डिंग चालू असताना वायर उपटून बघाच. झूम एफ८ या रेकॉर्डरमध्ये बाहेरची वीज गेली की आतल्या बॅटऱ्या काम सांभाळतात. तुमच्या रेकॉर्डरला अशी सोय नसेल तर यूपीएस लावा, आणि मिक्सरलाही लावा. मिक्सर बंद पडला तर रेकॉर्डर इमानेइतबारे शांतताच टिपत राहील.

म्हणूनच दुसरं, वेगळं मशीन हवं, आणि त्याला सिग्नल मिक्सरच्या आधी स्प्लिटरमधून (एकच सिग्नल दोन ठिकाणी वाटणाऱ्या पेटीतून) द्यावा. सगळे ट्रॅक जमत नसतील तर निदान मुख्य गायकाचा माइक आणि सभागृहातला स्टिरिओ आवाज तरी वेगळा घ्या.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झला ३२ ट्रॅक म्हणजे सेकंदाला साधारण ४.६ एमबी, तासाला १६.६ जीबी. व्ही३० कार्डाला (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणाऱ्या) हा वेग सहज झेपतो. फक्त ते खात्रीच्या ठिकाणाहून घ्या, नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. सगळे ट्रॅक एकाच फाइलमध्ये असतील तर साध्या वेव्हची ४ जीबीची मर्यादा पंधराएक मिनिटांत गाठली जाते आणि मशीन पुढची फाइल सुरू करतं. त्यात बिघाड काही नाही.

कार्यक्रमानंतर दोन वेगळ्या डिस्कवर प्रती घेऊन, मधूनमधून ऐकून मगच कार्ड रिकामं करा.