पोर्शे केमन विकून कॉर्व्हेट सी८ घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत राहता, गाडी २०१४ ची पोर्शे केमन एस, सहा गिअरची मॅन्युअल. वॉरंटी कधीच संपली आहे, डीलरकडची सर्व्हिसची बिलं खुपायला लागली आहेत, आणि मित्राच्या शेव्हरले कॉर्व्हेट सी८ मध्ये, म्हणजे कॉर्व्हेटच्या आठव्या पिढीच्या गाडीत, बसून आल्यापासून आपली गाडी मंद वाटते आहे. तर केमन देऊन सी८ घ्यावी का?

माझं मत आधीच सांगते. सध्या विकू नका. मी स्वतः पोर्शे सोडून कॉर्व्हेटकडे गेलेली आहे, आणि कॉर्व्हेटवर माझा मनापासून जीव आहे, तरीही सांगते. कारण मी ज्यासाठी बदलली, त्यातलं काहीच तुमच्या प्रश्नात दिसत नाही.

माझ्याकडे बॉक्स्टर एस होती, तुमच्या केमनचीच उघड्या टपाची बहीण. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर ट्रॅफिकमध्ये क्लच दाबणं नकोसं व्हायला लागलं. शिवाय नवरा आणि मी दरवर्षी गाडीने लांब जातो. ब्लू रिज पार्कवे ४६९ मैलांचा आहे, वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैल. तिथे टप काढून, खिडक्या उघड्या ठेवून सी८ चालवणं म्हणजे सुख आहे. संध्याकाळी उतरताना कंबर कुरकुरत नाही. सरळ हायवेवर इंजिन आठातले चार सिलिंडर बंद ठेवून चालतं, त्यामुळे ६.२ लिटरची व्ही८ असूनही पेट्रोलचा हिशेब झोंबत नाही. माझ्या गुडघ्याला आणि आमच्या प्रवासाला ही गाडी बसली. तुमचा पाय ठणठणीत आहे, आणि तुमच्या दोन तक्रारी आहेत: बिलं आणि वेग. त्या दोन्हींकडे नीट बघूया.

आधी वेग. तुमची केमन एस ३२५ अश्वशक्तीची, सी८ ४९० ची, आणि झेड५१ हे जास्त पैसे देऊन मिळणारं परफॉर्मन्स पॅकेज घेतलं तर ४९५ ची. ते पॅकेज असेल तर शून्यापासून साठ मैलांचा वेग तीन सेकंदांच्या आत. त्या रेट्याने माणूस हरखून जातो. पण बाजूच्या सीटवर बसून जे जाणवतं ते बहुतेक एवढंच असतं: पाठीमागून येणारा धक्का. चालवणाऱ्याच्या हाताला आणि पायाला काय मिळतं, ते बाजूला बसून कळत नाही. मित्राच्या गाडीत तुम्ही बसलात, चालवलीत का? प्रश्नात तसं लिहिलेलं नाही म्हणून विचारते.

हायवेवरून उतरताना तो गोल वळणारा रॅम्प डोळ्यासमोर आणा. केमनमध्ये तुम्ही ब्रेकवर असतानाच क्लच दाबता, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना उजव्या पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी देता, पाठीमागचं सहा सिलिंडरचं इंजिन एकदम वर चढून गुरगुरतं, क्लच सुटतो आणि गाडी धक्का न खाता वळणात शिरते. चांगलं जमलं की घरी पोहोचेपर्यंत चेहऱ्यावर हसू राहतं, आणि हे सगळं ताशी चाळीस मैलांच्या आतबाहेर घडतं. सी८ मध्ये त्याच रॅम्पवर मी डावीकडचं पॅडल ओढते. विचार पूर्ण व्हायच्या आत गिअर पडलेला असतो, आवाज सुरेख येतो, चूक होतच नाही. तो ड्युअल क्लच गिअरबॉक्स उत्तम आहे. पण काम तो करतो, मी नाही. सी८ मॅन्युअलमध्ये मिळतच नाही, कुठल्याही किमतीला नाही. हा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो.

आणि न्यू जर्सीत वेगमर्यादा जास्तीत जास्त ६५. तुमची केमन दुसऱ्या गिअरमध्येच ती ओलांडू शकते. म्हणजे आहे तीच ताकद रस्त्यावर पुरती वापरता येत नाही, मग वरची दीडशेहून जास्त अश्वशक्ती कुठे वापरणार? वजनही बघा. तुमची गाडी साधारण २,९०० पौंडांची. सी८ तेल-पाणी-पेट्रोल न धरताच ३,३६६ पौंड. रुंदीला ती जवळपास पाच इंच जास्त आहे, हे मॉलच्या पार्किंगमध्ये शिरताना रोज आठवतं.

वेगाची हौस खरी असेल तर एक दिवस मिलव्हिलच्या न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कवर जा. पोर्शे क्लब ऑफ अमेरिका ही मालकांची जुनी संस्था आहे, १९५५ पासूनची. त्यांचे ड्रायव्हिंग शिकवण्याचे दिवस असतात, नवख्याच्या शेजारी इन्स्ट्रक्टर बसतो. स्वतःच्या गाडीचा वरचा टोकाचा आवाज, सात हजारांच्या पुढचा, तिथे निर्धास्त ऐकता येतो. दिवसाअखेर गाडी कमी पडते असं इन्स्ट्रक्टरने सांगितलं, तर विषय वेगळा. बहुतेकांना तो वेगळंच काहीतरी सांगतो.

आता बिलं. जुन्या पोर्शेच्या बाबतीत लोक घाबरवतात ते आयएमएस बेअरिंगवरून, म्हणजे इंजिनाच्या आतल्या एका बेअरिंगवरून, जे तुटलं तर अख्खं इंजिन जाऊ शकतं. ती भीती २००८ पर्यंतच्या इंजिनांची. २००९ च्या मॉडेलपासून इंजिन नव्याने बनवलं गेलं आणि त्यात ते बेअरिंगच नाही. तुमच्या गाडीत वयाप्रमाणे पाण्याचा पंप, इग्निशन कॉइल, इंजिन माउंट अशी कामं निघतील. ती डीलरकडेच करायला हवीत असं मुळीच नाही. फक्त पोर्शेवर काम करणारे स्वतंत्र मेकॅनिक तुमच्या भागात आहेत, आणि क्लबच्या लोकांना विचारलंत तर दोन-तीन नावं लगेच मिळतील. एकदा पैसे देऊन पूर्ण तपासणी करून घ्या आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत काय काय निघेल त्याची लेखी यादी मागा. धास्ती बिलाची कमी आणि अचानक येणाऱ्या बिलाची जास्त असते.

त्या यादीची बेरीज सी८ च्या किमतीशेजारी मांडा. २०२० साली ती ५९,९९५ डॉलरपासून सुरू झाली, आता नवी घ्यायची तर ७० हजारांच्या आसपास सुरुवात. न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के. इथे एक गोष्ट कामाची आहे: जुनी गाडी त्याच डीलरला दिलीत तर टॅक्स फक्त फरकावर लागतो. समजा डीलर केमनचे ४०,००० देतो, तर तेवढ्यावरचा २,६५० डॉलर टॅक्स वाचतो. म्हणजे बाहेरच्या गिऱ्हाइकाने ४२,६५० च्या वर दिले तरच बाहेर विकण्यात अर्थ. हा हिशेब डीलर आपणहून करून दाखवत नाही. वर विम्याचा नवा दर आधी फोन करून विचारा, आणि ३०५ मिलिमीटर रुंदीच्या मागच्या टायरांची किंमत बघा.

कॉर्व्हेट पोर्शेपेक्षा हलक्या कुळातली आहे असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. कॉर्व्हेटला खरी स्पोर्ट्सकार बनवणारे इंजिनिअर झोरा आर्कस-डंटॉव्ह १९५३ साली जनरल मोटर्समध्ये आले, आणि १९५४ व १९५५ साली ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत चक्क पोर्शे ५५० चालवून दोन्ही वेळा आपल्या ११०० सीसीच्या गटात जिंकले. इंजिन ड्रायव्हरच्या मागे हवं, हा त्यांचा आग्रह. १९६० मध्ये त्यांनी तशी प्रायोगिक गाडी बनवलीही. पण विक्रीची कॉर्व्हेट तशी व्हायला २०२० उजाडलं, त्याआधी १९९६ मध्ये ते गेले होते. माझ्या गाडीत बसताना मला हे आठवतं आणि अभिमान वाटतो.

पण तुम्ही जे सोडणार आहात ते परत मिळेल का, हेही पाहा. २०१६ मध्ये पोर्शेने ७१८, म्हणजे केमन-बॉक्स्टरची पुढची आवृत्ती, आणली तेव्हा तुमचं सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन जाऊन चार सिलिंडरचं टर्बो आलं. पुढे ४ लिटरचं सहा सिलिंडर परत आलं, पण वरच्या महागड्या मॉडेलांत. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पेट्रोलवरच्या ७१८ चं उत्पादनच थांबलं. हलकी, मधे इंजिन, टर्बो नाही, हाताने गिअर टाकायचे, अशी नवी पोर्शे आज शोरूममधून आणता येत नाही. सी८ मात्र पुढची कित्येक वर्षं सेकंडहँड बाजारात भरपूर मिळेल. घाई करण्यासारखं त्या बाजूला काहीच नाही.

तरी मन अडून बसलं असेल तर एक शनिवार-रविवार सी८ भाड्याने घ्या, आणि तुमच्या नेहमीच्याच रस्त्यांवर चालवा. ऑफिसला जा, पटेल ब्रदर्समध्ये जाऊन किराणा आणा. सामानाची जागा केमनमध्ये जास्त आहे हे तिथेच कळेल. सी८ चं टप काढलं की ते मागच्या डिकीत जातं आणि ती भरते. शिवाय ती डिकी इंजिनाला लागून, त्यामुळे गरम होते. मंडळाच्या गणपतीला नेलेलं श्रीखंड मी पुढच्या छोट्या डिकीत ठेवते. सोमवारी सकाळी केमन काढा, आणि पहिल्या सिग्नलला पहिला गिअर टाकताना काय वाटतं ते बघा. क्लच ओझं वाटला तर खुशाल सी८ घ्या.

आणि घेतलीत तर सेकंडहँड बघताना: २०२० च्या गाड्यांना पुढची डिकी चालत्या गाडीत उघडण्यावरून रिकॉल होता, ते काम झाल्याची नोंद मागा. गिअरबॉक्सचा फिल्टर सुरुवातीच्या गाड्यांना ७,५०० मैलांवर बदलायचा होता, त्याचीही. पुढचं नाक वर उचलणारी सोय असलेलीच घ्या. ही सोय नेहमीच्या जागा लक्षात ठेवते, एक हजारपर्यंत, त्यामुळे घराच्या ड्राइव्ह-वेच्या चढाला नाक आपोआप उचललं जातं. गिअरच्या शेजारची बटणांची लांबलचक भिंत खटकत असेल तर २०२६ च्या मॉडेलपासून ती काढलेली आहे.