पेनी रेडचा प्लेट क्रमांक स्कॅनवरून ओळखता येतो का?

अमळनेरच्या जुन्या घरातील संग्रहात मिळालेल्या, चारही कोपऱ्यांत अक्षरे असलेल्या तांबड्या एक पेनी टपाल तिकिटावर, म्हणजे ब्रिटनच्या पेनी रेडवर, ७७ हा प्लेट क्रमांक (तिकीट ज्या छपाईच्या प्लेटवरून छापले तिचा क्रमांक) दिसतो, तो खरा मानावा का, असे आपण विचारले आहे. स्कॅनवरून बरेच कळते. मात्र तो किमान १२०० डीपीआयचा (दर इंचाला १२०० ठिपके), रंगीत आणि शार्पनिंग (कडा ठळक करणारी सोय) बंद ठेवून केलेला हवा, कारण शार्पनिंगमुळे मुळात नसलेल्या कडा दिसू लागतात.

१८६४ पासूनच्या या तिकिटांवर क्रमांक दोन्ही बाजूंच्या नक्षीत आडवा झोपवून कोरलेला असतो, म्हणून चित्र ९० अंशांत फिरवून दोन्हीकडचे अंक ताडून पाहावेत. टपालाचा शिक्का आड येत असेल तर चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये आधी फक्त हिरवा चॅनेल (चित्रातील एकाच रंगाचा थर) उघडावा, म्हणजे तांबडी शाई गडद होऊन बारीक रेषा उठून दिसतात. मग लाल चॅनेल पाहावा, त्यात छपाई फिकी पडून काळा शिक्का तेवढा उरतो. माझ्या मते खरे काम या तुलनेनेच होते.

७७ क्रमांकाची प्लेट नाकारली गेली होती आणि तिची अगदी मोजकी तिकिटे बाहेर पडली. त्यामुळे आधी ७३ आणि १७७ या शक्यता तपासाव्यात, कारण १७७ मधला १ शिक्क्याखाली दडतो किंवा मुद्दाम खरवडलेलाही असतो. खरवडलेले कागदाचे तंतू सपाट स्कॅनमध्ये सहसा कळत नाहीत. ते भिंगाखाली, तिरक्या उजेडात पाहावे लागतात. आपल्या खानदेशातील उन्हाळ्यात जुना कागद फार कोरडा पडतो, तेव्हा तिकीट चिमट्यानेच हाताळावे.