नऊशे ग्रॅमची मोटार कडबाकुट्टीला चालेल का?

प्रश्न : माझ्या कडबाकुट्टीला थ्री फेज, 3 एचपी, 1440 आरपीएमची मोटार आहे. वजन तीस किलोच्या आसपास. गोठ्यातून मळ्यातल्या शेडमध्ये न्यायची तर दोन माणसं लागतात. पुतण्यानं मॉडेल विमानाची मोटार आणलीय, नऊशे ग्रॅमची. माहितीपत्रकात 3000 वॅट, म्हणजे चार एचपी! तीच का बसवू नये?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : बसवू नका. मी मोटारी भरणारा माणूस, जळकी कॉइल रोज हातात असते. तुमच्या नेमप्लेटवरचे 2.2 किलोवॅट शाफ्टवर मिळणारे आहेत, आणि शेजारी 'एस 1' असेल, म्हणजे दिवसभर चालवा. पुतण्याच्या मोटारीचे 3000 वॅट बहुधा बॅटरीतून आत जाणारे, तेही मिनिटभरासाठी.

किलोमागे पाहिलं तर तुमची मोटार सत्तर-पंचाहत्तर वॅट देते, त्याची तेहेतीसशे. पण यातला सहा-सात पट फरक तर नुसत्या वेगाचा. तुमची मिनिटाला 1440 फेऱ्यांना साडेचौदा न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. पुतण्याची दहा हजार फेऱ्यांना जेमतेम अडीच.

खरी गोम उष्णतेत आहे. दोन्ही मोटारी पूर्ण लोडवर साधारण सारखीच, चारशे-साडेचारशे वॅट उष्णता तयार करतात. तीस किलो लोखंड-तांबं त्यानं मिनिटाला दोनेक अंश तापतं, आणि मागचा पंखा ती उष्णता बाहेर काढतो. नऊशे ग्रॅम मात्र वारा नसेल तर मिनिटात साठ-सत्तर अंश चढतं. तिच्यातले साधे निओडिमियम चुंबक 80 अंशांपुढं कमजोर व्हायला लागतात. विमानात पंख्याचा झोत मोटारीवर येतो म्हणून निभतं. तुमच्या शेडमध्ये झोत नाही, धुरळा आहे. शिवाय ओला ऊस किंवा मका अडकला की तुमची मोटार क्षणभर दुप्पट जोर लावते. पुतण्याच्या मोटारीला वीज देणारा, सेन्सर नसलेला कंट्रोलर लोडवर सुरू होतानाच थरथरतो, कारण थांबलेला रोटर (फिरणारा भाग) कुठं आहे हे त्याला कळत नाही. आणि साठ अँपिअरची बॅटरी कुठून आणणार?

वजनच नडत असेल तर 3 एचपीचीच, पण 2880 आरपीएमची, अ‍ॅल्युमिनियम बॉडीची मोटार पाहा. तिची फ्रेम, म्हणजे बॉडीचं माप, एक नंबरानं लहान येते. मोटारीवरची पुली निम्म्या व्यासाची घाला, म्हणजे कुट्टीचं चाक आहे त्याच वेगानं फिरेल. लहान पुलीवर पट्टा घसरतो, तेव्हा ताण नीट द्या.